कांदाचाळीचा जिवंत आलेख: प्रकल्प नोंदी

५ एप्रिल: काय दाखवायचं

निफाड तालुक्यातली चार कप्प्यांची हवेशीर चाळ. उन्हाळ कांदा भरायला सुरुवात झाली आहे आणि माल पावसाळा ओलांडून पुढे न्यायचा आहे. अशा साध्या चाळीसाठी शिफारस २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाची आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रतेची. आर्द्रता वर गेली की काळी बुरशी आणि सड, खाली गेली की वजनात घट. चाळीच्या मालकाला हे आकडे फोनच्या ब्राउझरमध्ये, वेगळं ॲप न टाकता, आलेखाच्या रूपात आणि आपोआप पुढे सरकत दिसले पाहिजेत.

आलेखासाठी पायथन भाषेतली बोके ही लायब्ररी आणि तिचा सर्व्हर वापरायचं ठरलं. बोके सर्व्हर टोर्नाडो या पायथनच्या वेब सर्व्हरवर चालतो, नेहमीचं पोर्ट ५००६, आणि प्रत्येक उघड्या पानाशी एक वेबसॉकेट (सतत उघडी राहणारी जोडणी) धरून ठेवतो. सर्व्हरवर डॉक्युमेंट (पानावरचे आलेख आणि त्यांचा डेटा) बदललं की तेवढाच बदल ब्राउझरकडे जातो.

एक अट पहिल्याच दिवशी लिहून ठेवली. आलेख थांबला असेल तर तो थांबलेला दिसलाच पाहिजे. तासाभरापूर्वी अडकलेली रेष आणि आत्ताची रेष दिसायला सारखीच असतात. सडका वास येईपर्यंत मालक जर अडकलेल्या रेषेवर विसंबून राहिला, तर आलेख नसलेलाच बरा होता.

८ एप्रिल: सेन्सर

प्रत्येक कप्प्यात ढिगाच्या मध्यात एक डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर (जलरोधक, स्टीलच्या टोपीतला). हवेसाठी दोन एसएचटी३१ (तापमान आणि आर्द्रता), एक चाळीच्या आत आणि एक बाहेर सावलीत. म्हणजे ढिगाची चार तापमानं, शिवाय हवेची दोन तापमानं आणि दोन आर्द्रता, एकूण आठ रकाने.

ईएसपी३२ हे वाय-फाय असलेले छोटे बोर्ड दोन लावले आहेत. एसएचटी३१ आय-स्क्वेअर-सी या जवळच्या चिप जोडायच्या पद्धतीने बोलतो आणि त्या तारेची धारकता ४०० पिकोफॅरडच्या आत ठेवावी लागते. त्यामुळे बाहेरचा सेन्सर लांब तारेने आतल्या बोर्डाला न जोडता त्याला स्वतःचा बोर्ड दिला. डीएस१८बी२०ला लांब तार चालते. चारही एकाच तारेवर आहेत, डेटा आणि ३.३ व्होल्टच्या मध्ये ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर, आणि वीज वेगळ्या तारेने. डेटाच्या तारेवरून वीज चोरून घेण्याची सोय या सेन्सरमध्ये आहे, पण एवढ्या लांबीवर ती वापरू नये.

या सेन्सरचे दोन आकडे आलेखाची वाट लावतात. ८५.० हा त्याचा वीज आल्यानंतरचा मूळ आकडा. १२ बिटांच्या मोजणीला ७५० मिलिसेकंद लागतात, त्याआधी वाचलं किंवा मध्येच वीज हलली की ८५ येतं. सेन्सर सापडला नाही की आर्डुइनोची नेहमीची लायब्ररी -१२७ देते. दोन्ही आकडे बोर्डावरच गाळायचे आणि त्या जागी रिकामी किंमत पाठवायची. शून्य पाठवायचं नाही, कारण शून्य हे खरं तापमान असू शकतं.

१२ एप्रिल: ओळ कुठे तयार होते

आकडे एमक्यूटीटी या छोट्या संदेशांच्या पद्धतीने जातात; ते संदेश घेऊन पुढे वाटणारा प्रोग्रॅम म्हणजे ब्रोकर, इथे मॉस्किटो. ईएसपी३२ → चाळीतला रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’ (मॉस्किटो, पोर्ट १८८३) → भाड्याचा सर्व्हर (टीएलएस या सांकेतिक जोडणीवर ८८८३). पाय थेट इंटरनेटवर उघडता येत नाही. मोबाइल कंपनीच्या सिमवर बाहेरून आत येणारी जोडणी सहसा मिळतच नाही, म्हणून पाय आतून बाहेर पाठवतो आणि बोके भाड्याच्या सर्व्हरवर चालतो.

दोन्ही बोर्डांचे आकडे पायवरची एक छोटी स्क्रिप्ट दर ३० सेकंदांनी एका ओळीत एकत्र करते. यामागे बोकेची एक अट आहे. कॉलमडेटासोर्समध्ये (आलेखाचा डेटा धरणारा तक्ता, पुढे ‘सोर्स’) स्ट्रीम करताना, म्हणजे शेवटाला नवी ओळ जोडताना, सगळे रकाने द्यावे लागतात आणि सगळ्यांची लांबी सारखी असावी लागते. आतला बोर्ड बोलला, बाहेरचा गप्प आहे, म्हणून अर्धी ओळ पाठवली तर सरळ एरर येते. तेव्हा जो आला नाही त्याच्या जागी नॅन (‘आकडा नाही’ ही खूण). पांडास या लायब्ररीच्या डेटाफ्रेमवरून (तक्त्यावरून) सोर्स बनवला तर त्यात इंडेक्सचा रकाना आपोआप शिरतो आणि मग स्ट्रीम करताना तोही मागितला जातो. साध्या डिक्शनरीवरून सोर्स बनवला की ही कटकटच राहत नाही.

बोर्डावर एमक्यूटीटीसाठी पबसबक्लायंट ही लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी: तिची पाकिटाची मर्यादा मुळात २५६ बाइट आहे, विषयाचं नाव धरून. लांबलचक नावांचं जेसन (नाव आणि किंमत अशा जोड्यांचा मजकूर) त्यात मावत नाही आणि पाठवण्याचं फंक्शन काही न बोलता फक्त फॉल्स परत देतं. परत आलेली किंमत तपासा आणि रकान्यांची नावं दोन अक्षरांची ठेवा. शिवाय ही लायब्ररी क्यूओएस ० नेच पाठवते, पोच घेत नाही. म्हणून खात्रीने पुढे पोहोचवण्याचं काम पायकडे आहे: ओळ आधी एसक्यूलाइट या एका फाइलमधल्या डेटाबेसमध्ये जाते, मग क्यूओएस १ ने रवाना होते आणि पोच आल्यावरच ‘पाठवली’ अशी खूण होते. नेट गेलं तर खूण नसलेल्या ओळी नंतर क्रमाने जातात.

१५ एप्रिल: वेळ

गावात वीज जाते. परत आल्यावर ईएसपी३२ला वेळ माहीत नसते, तो १९७० पासून मोजायला लागतो. असा एक बिंदू आलेखात गेला की आडवा अक्ष १९७० पासून आजपर्यंत ताणला जातो आणि सगळी रेष उजव्या कडेला चिकटलेली उभी काडी होते. म्हणून बोर्डाची वेळ घ्यायचीच नाही, ओळीवर वेळ पाय टाकतो.

पण पाय ४ मध्येही बॅटरीवरचं घड्याळ नाही. वीज आल्यावर तो शेवटी जपून ठेवलेल्या वेळेपासून पुढे मोजतो आणि नेट मिळेपर्यंत मागेच असतो. डीएस३२३१ हे घड्याळ (आय-स्क्वेअर-सी पत्ता हेक्समध्ये ६८) नाणेबॅटरीसह बसवलं. नेटची वाट न पाहता नोंद चालू राहते.

उशिरा आलेल्या ओळींचा प्रश्न वेगळा. स्ट्रीम नवी ओळ शेवटाला जोडतं, वेळेप्रमाणे लावत नाही. सकाळी दहाच्या ओळीनंतर पहाटे चारची ओळ आली तर रेष मागे धावते आणि आलेखावर आडवी रेघोटी उमटते. नियम: शेवटच्या वेळेपेक्षा जुनी ओळ फक्त एसक्यूलाइटमध्ये जाईल, आलेखात नाही. पुढच्या वेळी पान उघडताना ती इतिहासातून आपल्या जागी दिसेल.

२० एप्रिल: सत्र म्हणजे काय

बोके सर्व्हरची मुख्य फाइल प्रत्येक नव्या सत्रासाठी पुन्हा पहिल्यापासून चालते. तीन टॅब उघडले की ती तीनदा चालली. एमक्यूटीटीची जोडणी या फाइलमध्ये लिहिली तर प्रत्येक टॅबमागे एक जोडणी होते. क्लायंटचं नाव ठरावीक ठेवलं असेल तर आणखी वाईट: त्याच नावाचा दुसरा क्लायंट आला की ब्रोकरने पहिल्याला बाहेर काढायचं, असा एमक्यूटीटीचा नियमच आहे. पहिला पुन्हा जोडला जातो, दुसरा बाहेर पडतो. एका टॅबवर सुरळीत चालणारं काम दुसरा टॅब उघडताच लटपटायला लागलं तर आधी इथे पाहावं.

उपाय: जोडणी वेगळ्या मॉड्यूलमध्ये. इम्पोर्ट केलेलं मॉड्यूल एका प्रोसेसमध्ये एकदाच चालतं आणि सगळी सत्रं तेच वापरतात. सुरुवात ॲप-हुक्स फाइलमधल्या ‘सर्व्हर लोड झाला’ या हुकमधून. मॉड्यूलमध्ये मर्यादित लांबीचा डेक (रांग), प्रत्येक ओळीला चढता अनुक्रमांक. प्रत्येक सत्र शेवटी पाहिलेला अनुक्रमांक लक्षात ठेवतं आणि दर ५,००० मिलिसेकंदांच्या पिरिऑडिक कॉलबॅकमध्ये (ठरावीक वेळाने आपोआप चालणारं फंक्शन) त्यापुढच्या ओळी उचलून स्ट्रीम करतं.

एमक्यूटीटीच्या कॉलबॅकमधून थेट स्ट्रीम का नाही? तो कॉलबॅक दुसऱ्या थ्रेडमध्ये (समांतर चालणाऱ्या कामात) असतो. डॉक्युमेंटचं कुलूप न घेता त्याला हात लावला की ‘पेंडिंग राइट्स’ असं काहीतरी म्हणणारी रनटाइम एरर येते. थ्रेडमधून बदल करायचाच असेल तर डॉक्युमेंटचं ‘नेक्स्ट टिक कॉलबॅक’ हा एकच सुरक्षित दरवाजा आहे. इथे डेकमुळे त्याची गरज पडत नाही.

प्रोसेस एकच ठेवली आहे. चार केल्या तर मॉड्यूल चार, जोडण्या चार, आणि नावाची भांडणं पुन्हा सुरू.

२४ एप्रिल: किती बाइट जातात

सात दिवस, दर ३० सेकंदांनी एक ओळ: २०,१६० ओळी. आठ मोजमापं आणि वेळेचे दोन रकाने (जागतिक आणि भारतीय) मिळून दहा, प्रत्येकी ८ बाइट: १६,१२,८०० बाइट. नवी ओळ आल्यावर सोर्सचा सगळा डेटा नव्याने नेमला तर हे १.६ एमबी दर ३० सेकंदांनी जातात, तासाला सुमारे १९४ एमबी. गावातल्या फोनचा दिवसाचा डेटा काही तासांतच संपेल. स्ट्रीमने ८० बाइट आणि वर जेसनचं वेष्टण एवढंच जातं.

तरी २०,१६० ओळी पहिल्यांदा तरी का पाठवायच्या? फोनची रुंदी ४०० पिक्सेलच्या आसपास, म्हणजे एका पिक्सेलवर पन्नास बिंदू. दोन सोर्स केले. ‘ताजा’: शेवटचे सहा तास, ७२० ओळी, रोलओव्हर ७२० (त्याहून जुन्या ओळी गळतात). ‘आठवडा’: पाच मिनिटांचे गट, २,०१६ ओळी, प्रत्येक गटाची सरासरी, किमान आणि कमाल. फक्त सरासरी ठेवली असती तर थोडा वेळ चढून उतरलेली आर्द्रता पुसली गेली असती. किमान आणि कमाल यांमध्ये फिकट पट्टा भरला की ती दिसते.

चालू गट पूर्ण होईपर्यंत आठवड्याच्या सोर्सची शेवटची ओळ पॅचने, म्हणजे जागच्या जागी, बदलते. इथे -१ चालत नाही, बोके ऋण अनुक्रमांक नाकारतं. लांबीतून एक वजा करून द्यावा.

इतिहास प्रत्येक सत्रासाठी एसक्यूलाइटमधून वाचत बसू नये. टोर्नाडोचा इव्हेंट लूप एकच. एका पानासाठी तीन सेकंदांची क्वेरी चालली तर बाकी सगळी पानंही तीन सेकंद गोठतात. गट केलेल्या ओळी मॉड्यूलमध्येच तयार असतात, सत्र त्यांची नक्कल घेतं.

२९ एप्रिल: साडेपाच तास

बोकेचा वेळेचा अक्ष यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) दाखवतो. भारतीय वेळेसाठी १,९८,००,००० मिलिसेकंद मिळवलेला वेगळा रकाना केला. खुणेचा मजकूर तेवढा बदलण्याचा दुसरा मार्ग आहे, पण मग खुणा यूटीसीच्या पूर्ण तासांवर बसतात आणि अक्षावर ५:३०, ११:३० असे आकडे येतात. वाचणाऱ्याला ६, ९, १२ हवे असतात.

यात एक सापळा आहे. ‘शेवटचा आकडा किती जुना’ हे जर सरकवलेल्या रकान्यावरून काढलं तर वय उणे साडेपाच तास येतं आणि इशारा पुढचे साडेपाच तास लागतच नाही. वय नेहमी यूटीसीच्या रकान्यावरून.

अक्षावरचे आकडे देवनागरीत हवे होते. कस्टम-जेएस टिक फॉरमॅटरमध्ये संख्येला मराठी-भारत लोकेल देऊन छापलं की ६५, ७० असे येतात, वेगळा तक्ता लागत नाही. अक्षाच्या नावांचा ठसा तिरका येत असेल तर सरळ करावा. ब्राउझर देवनागरी ओढून तिरकी करतो आणि बारीक आकारात जोडाक्षरं चिकटतात.

४ मे: रेषा आणि पट्टे

उभे अक्ष बांधून टाकले: तापमान १५ ते ४५, आर्द्रता २० ते १००. अक्ष आपोआप बदलू दिला तर शांत रात्री ०.२ अंशाची कुजबुजही डोंगरासारखी दिसते. आर्द्रतेच्या आलेखावर ६५ ते ७० चा हिरवट बॉक्स.

नेट तासभर गेलं तर बोके आधीचा आणि नंतरचा बिंदू सरळ रेषेने जोडतं. ती रेष खोटी आहे, त्या तासात काय झालं हे आलेखाला माहीत नाही. दोन ओळींत ९० सेकंदांपेक्षा जास्त अंतर असेल तर मध्ये सगळे रकाने नॅन असलेली एक ओळ घालतो. नॅनपाशी रेष तुटते, भोक दिसतं. भोक दिसणं हेच बरोबर आहे.

आडव्या अक्षाला ‘शेवटाचा पाठलाग’ दिला, सहा तासांच्या रुंदीचा. वाचणाऱ्याने बोटाने आलेख मागे सरकवला की पाठलाग थांबतो, आणि थांबायलाच हवा. पण मग तो माणूस मागचाच भाग ताजा समजून बसू शकतो. म्हणून खाली ठळक ‘आत्ता’ बटण, दाबलं की ब्राउझरमध्येच आलेख रीसेट होतो, सर्व्हरपर्यंत जावं लागत नाही.

११ मे: इंजिनएक्सच्या मागे

बोकेच्या पुढे इंजिनएक्स हा वेब सर्व्हर आहे. पान उघडतं पण कोरं राहतं, तेव्हा कारण बहुतेक दोनांपैकी एक.

पहिलं, ओरिजिन, म्हणजे पान ज्या पत्त्यावरून उघडलं तो. सर्व्हरच्या लॉगमध्ये वेबसॉकेट नाकारल्याची ओळ असते आणि कोणता पर्याय द्यायचा तेही तिथेच लिहिलेलं असतं. ‘अलाउ वेबसॉकेट ओरिजिन’ला नाव आणि पोर्ट ब्राउझरच्या पट्टीत दिसतं तसं अक्षरशः द्यावं. आयपीने उघडलं आणि यादीत फक्त डोमेन असेल तर ४०३. सगळ्यांना मोकळं करणारी चांदणी (*) टाकू नये.

दुसरं, इंजिनएक्सने अपग्रेडची हेडर (वेबसॉकेट मागणाऱ्या ओळी) पुढे न देणं. एचटीटीपी १.१, अपग्रेड आणि कनेक्शन या तिन्ही ओळी लागतात. इंजिनएक्सची वाचनाची मुदत मुळात ६० सेकंद, बोकेचा पिंग (जोडणी जिवंत ठेवणारा छोटा संदेश) ३७ सेकंदांनी. ३७ हा ६० च्या आत आहे म्हणूनच नव्या ओळी येणं थांबलं तरी जोडणी टिकते. पिंग बंद करून मुदत वाढवण्याच्या फंदात पडू नये.

१९ मे: थांबलेलं कसं कळेल

या प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. थांबल्याची खबर सर्व्हर देऊ शकत नाही, कारण जोडणीच तुटली असेल तर ती खबर येणार कुठून? वय मोजण्याचं काम ब्राउझरमध्येच हवं. पान तयार झाल्याच्या इव्हेंटवर जावास्क्रिप्टचा टायमर सुरू होतो, दर ५ सेकंदांनी सोर्सची शेवटची वेळ पाहतो. ९० सेकंदांपर्यंत ‘ताजं’, त्यापुढे पिवळी पट्टी, ५ मिनिटांपुढे लाल पट्टी आणि सगळा आलेख फिकट. फोनचं घड्याळ चुकीचं असू शकतं, म्हणून पान उघडताना सर्व्हरच्या आणि फोनच्या वेळेतला फरक एकदा काढून ठेवला जातो. सोर्स रिकामा असेल तर शेवटची वेळ सापडत नाही आणि तुलना मुकाट्याने खोटी ठरते. तो प्रसंग वेगळा तपासून लालच दाखवायचा.

फोन खिशात गेला की ब्राउझर टॅब गोठवतो, सॉकेट मरतं, आणि १५ सेकंद वापरात नसलेलं सत्र बोके पुढच्या फेरीत (दर १७ सेकंदांनी) टाकून देतं. फोन पुन्हा उघडल्यावर जुनं चित्र तसंच दिसतं. ‘कनेक्शन लॉस्ट’ इव्हेंटवर पट्टी लगेच लाल करायची, मग पानाचा पत्ता फेचने तपासायचा, उत्तर आलं तरच पान पुन्हा लोड करायचं. न तपासता लोड केलं आणि नेट नसेल, तर हातात होता तो आलेखही जातो.

एमक्यूटीटीच्या बाजूने दोन गोष्टी. मोजमापाच्या संदेशांवर ‘रिटेन’ (ब्रोकरने शेवटचा संदेश जपून ठेवणं) लावू नये. सर्व्हर पुन्हा जोडला गेला की ब्रोकर तोच जुना आकडा पुन्हा देतो. रिटेन फक्त ‘चालू/बंद’ या स्थितीच्या संदेशावर, आणि बंदचा संदेश लास्ट विल (क्लायंट अचानक गेला की ब्रोकरने द्यायचा संदेश) म्हणून. कीप-अलाइव्ह ६० असेल तर ब्रोकर दीडपट म्हणजे ९० सेकंदांनी क्लायंट गेल्याचं जाहीर करतो.

३० मे: एकेक कडी तोडून

डीएस१८बी२०ची तार काढली: त्या कप्प्याची रेष तुटते, बाकी चालू, पट्टी ‘ताजं’. म्हणून प्रत्येक रकान्याचं वय वेगळं काढणं भाग पडलं; ओळ ताजी असली तरी रकाना रिकामा असू शकतो. आता कप्प्याच्या नावापुढे खूण येते.

बाहेरचा ईएसपी३२ बंद: लास्ट विलमुळे ‘बाहेरचा बोर्ड बंद’.

पायचं नेट बंद: पट्टी पिवळी, मग लाल. नेट आल्यावर साचलेल्या ओळी आधी येतात, क्रमाने, म्हणून आलेख भराभर भरतो. या काळात वय खरं दाखवलं जातं, कारण ते ओळीवरच्या वेळेवरून आहे, पोहोचण्याच्या वेळेवरून नाही.

बोके बंद करून पुन्हा सुरू: लाल, मग पान आपोआप ताजं.

फोन एअरप्लेन मोडमध्ये: सॉकेट तुटल्याचं ब्राउझरला कधी लगेच कळतं, कधी उशिरा. टायमर मात्र ९० सेकंदांनी पिवळा होतोच.

९ जून: दवबिंदू

पावसाळ्यासाठी तिसरा आलेख: ढिगाचं तापमान वजा बाहेरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं). मॅग्नस सूत्र, गुणक १७.६२ आणि २४३.१२. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के असेल तर दवबिंदू २५.२ येतो, ढीग २५ अंशांवर असेल तर फरक उणे, म्हणजे ती हवा आत घेतली की कांद्यावर पाणी धरणार. अशा वेळी पंखा चालवणं किंवा बाजूचे पडदे वर करणं नुकसानीचं. फरक २ अंशांच्या खाली गेला की रेषेमागे नारिंगी पट्टा.

गणित सर्व्हरवर, ओळ डेकमध्ये जाण्याआधी. आर्द्रता नॅन असेल तर दवबिंदूही नॅन. आधीचा आकडा पुढे ओढायचा नाही. कप्पे चार असल्याने फरकही चार, पण आलेखावर फक्त सर्वांत थंड कप्प्याचा फरक आणि त्या कप्प्याचं नाव. पाणी तिथेच आधी धरतं.

या रकान्यांमुळे ओळीची लांबी बदलली, तेव्हा नवी आवृत्ती चढवताना आठवड्याचा सोर्स आणि डेक दोन्ही नव्याने बांधावे लागतात. जुन्या ओळींचा दवबिंदू एसक्यूलाइटमधल्या मूळ आकड्यांवरून काढता येतो, म्हणून इतिहास गमावत नाही.

१८ जून: शिल्लक कामं

बाहेरच्या एसएचटी३१वर जाळीची टोपी आणि वरून छत. थेंब बसला की तो बराच वेळ १०० टक्के दाखवत राहतो आणि दवबिंदूचा आलेख विनाकारण नारिंगी होतो. पायवरच्या एसक्यूलाइटचा आठवड्याचा बॅकअप. आणि चाळीतल्या मजुरांना पट्टीचे तीन रंग समजावून सांगणं, कारण मालक गावाला गेला की पडदे वर-खाली करण्याचं काम तेच करतात.